लेंकरांच्या मूत्रमार्गाचा अडथळा व मूत्रपिंडांची हानि



उत्पत्तीच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायांत इसहाकाच्या विहिरींची हकीकत आहे, ती आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांस ठाऊक आहे. अब्राहामाच्या दिवसांत खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं माती लोटून बुजविल्या होत्या, व इसहाकानें त्या पुन्हां उकरल्या. पाणी खालीं तसेंच होतें. माती काढतांच तें वर आलें. परंतु मनुष्याच्या देहांत एक झरा असा आहे कीं त्याची वाट बुजली तर तो इसहाकाची वाट पाहत राहत नाहीं. तो आंतल्या आंत मरूं लागतो, आणि मेलेला भाग मग कितीही उकरला तरी वाहत नाहीं. हा झरा म्हणजे आपलीं मूत्रपिंडें होत. लहान मुलांत त्यांची वाट कशी अडते, अडल्यानें काय नासतें, व आईबापांनीं वेळींच काय करावें, ह्याविषयीं आजच्या पाठांत आम्ही लिहीत आहों. विषय लाजेचा आहे असें कोणी म्हणेल. पण ज्या लाजेनें लेंकराचा जीव जातो ती लाज आम्हांस मान्य नाहीं.

मूत्रपिंडें दोन आहेत. पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आड तीं असतात. खेडोपाडीं आतां किडनी हेंच नांव रूढ झालें आहे, व तेंही चालेल. प्रौढ मनुष्याचें मूत्रपिंड साधारण त्याच्या मुठीएवढें असून त्यांत सुमारें १० लक्ष अतिसूक्ष्म गाळण्या असतात. दोन्हीं मूत्रपिंडें मिळून एका दिवसांत सुमारें १८० लिटर पाणी रक्तांतून गाळतात, त्यांतील कामाचें जवळजवळ सर्व परत रक्तांत घेतात, आणि दीड-दोन लिटर मात्र विषारी मळासह लघवीच्या रूपानें बाहेर टाकतात. ह्या गाळण्या मूल आईच्या उदरांत असतांनाच, सुमारें ३६ व्या आठवड्यापर्यंत, घडून पुऱ्या होतात. त्यानंतर जन्मभरांत एकही नवी गाळणी होत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

प्रत्येक मूत्रपिंडांतून लघवी एका नरसाळ्यासारख्या पोकळींत उतरते, तेथून बारीक मूत्रवाहिनीनें मूत्राशयांत येते, व मूत्राशय भरला म्हणजे मूत्रमार्गानें बाहेर पडते. विहिरीवर मोट असो वा पंप, पाणी थारोळ्यांतून पाटांत व पाटांतून वाफ्यांत जातें. पाटाच्या तोंडाशीं ढेंकूळ पडलें तर पाणी मागें सरतें, थारोळें भरतें, आणि कड भिजून खचते. हें शेतकऱ्याच्या पोरास सांगावें लागत नाहीं. देहांतही तसेंच होतें. भेद इतकाच कीं येथें पाणी कडेवरून सांडून जाण्यास जागा नसते. सर्व दाब मागें मूत्रपिंडावरच पडतो.

मुलग्यांत ह्या अडथळ्याचें सर्वांत घातक कारण म्हणजे जन्मतःच मूत्रमार्गांत असलेला पडदा. मूत्राशयाच्या तोंडाच्या किंचित् खालीं पातळ त्वचेच्या घड्या राहून जातात. लघवी खालीं येऊं लागली कीं त्या फुगतात व वाट अडवितात. खालून नळी घातली तर मात्र ती बहुधा सहज वर जाते. दार एकाच बाजूस उघडणारें असावें तसें हें आहे. सुमारें ५ ते ८ हजार मुलग्यांत एकास हा दोष असतो, मुलींस नसतो. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील शस्त्रवैद्य ह्यू हॅम्प्टन यंग यांनीं आपल्या सोबत्यांसह १९१९ सालीं ह्या पडद्यांचें वर्णन व वर्गवारी प्रसिद्ध केली. त्यापूर्वी कित्येक बालकें ह्यानेंच मेलीं असतील, व तीं कशानें मेलीं हें कोणास कळलें नसेल.

हा पडदा जन्मानंतर येत नसून उदरांतच असतो, आणि म्हणून हानीही उदरांतच सुरू होते. गर्भ सुमारें तिसऱ्या महिन्यापासून मूत्र करूं लागतो, व गर्भारपणाच्या उत्तरार्धांत ज्या पाण्यांत बाळ तरंगतें तें बहुतेक त्याचेंच मूत्र असतें. हें ऐकून कोणी नाक मुरडूं नये. त्या पाण्यावांचून बाळाचीं फुप्फुसें नीट वाढत नाहींत. वाट फारच अडली तर तें पाणी उणें पडतें, आणि जन्मल्यावर अशा बाळास श्वास घेणें कठीण जातें. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करितात तेव्हां फुगलेला मूत्राशय किंवा फुगलेलीं मूत्रपिंडें पुष्कळदां दिसतात. म्हणून ती तपासणी चुकवूं नये. ती मुलगा कीं मुलगी हें पाहण्यासाठीं नाहीं. तसें विचारणें व सांगणें हा १९९४ च्या कायद्यानें गुन्हा आहे.

असें मूल जन्मलें म्हणजे घरांत व आळींत कुजबुज सुरू होते: आईनें ग्रहणांत कांहीं चिरलें असेल, बापानें कोणाचें वाईट केलें असेल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायांत शिष्यांनीं जन्मांध मनुष्याविषयीं हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूनें त्या मनुष्याचाही दोष मानिला नाहीं व त्याच्या आईबापांचाही नाहीं. आमच्या ख्रिस्ती घरांत हा अध्याय वाचून झाल्यावरही कुजबुज चालूच राहते, हें खेदानें म्हणावें लागतें. उदरांत वाट घडतांना एक घडी राहून गेली, इतकाच ह्याचा अर्थ आहे. आईच्या खाण्यापिण्यानें वा ग्रहणानें ती राहत नाहीं.

आतां हानि कशी होते तें पाहूं. रक्ताचा दाब गाळणीच्या आंत पाणी ढकलतो. पलीकडे तुंबलेल्या लघवीचा उलट दाब चढूं लागला म्हणजे हें ढकलणें दुबळें होतें व गाळण्याचें काम मंदावतें. कांहीं काळानें मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्ताचा ओघही आंखडतो. गाळण्यांस जोडलेल्या बारीक नळ्या ताणल्या जातात, त्यांस रक्त पुरत नाहीं, आणि त्यांच्या पेशी मरूं लागतात. मेलेल्या जागीं वण धरतो, जसा भाजलेल्या कातड्यावर धरतो. वण जागा भरून काढतो खरा, पण त्यास गाळतां येत नाहीं. ज्या गाळण्या उरतात त्यांच्यावर मेलेल्यांचेंही काम येऊन पडतें. दोन बैलांचें औत एकट्यानें ओढणारा बैल जसा लवकर झिजतो तशा त्याही वर्षानुवर्षें झिजत जातात. म्हणूनच एखाद्या मुलाची वाट पहिल्या महिन्यांत मोकळी केली तरी त्याचीं मूत्रपिंडें १५ व्या किंवा २० व्या वर्षीं थकलेलीं आढळतात.

मूत्राशयाचीही गत वाईट होते. तो स्नायूंची पिशवी आहे. अडथळ्यावर जोर करून करून त्याची भिंत पैलवानाच्या दंडासारखी जाड होते, पण ह्या बळाचा उपयोग नसतो. जाड पिशवी ताठर होते. ती थोड्याच लघवीनें भरते व आंत दाब चढलेलाच ठेविते. मूत्रवाहिन्या मूत्राशयांत तिरप्या शिरतात, त्यामुळें लघवी वर परत जात नाहीं. परंतु दाब फार झाला म्हणजे ही सोयही मोडते आणि लघवी उलट मूत्रपिंडापर्यंत उसळते. अडथळा काढल्यावरही ताठर झालेला मूत्राशय लागलाच मऊ होत नाहीं. कित्येक मुलांचें पुढील सर्व नुकसान ह्या मूत्राशयानेंच होतें.

येथें एक गोष्ट आम्ही विशेष सांगतों, कारण ती न कळल्यामुळें आईबाप फसतात. मूत्रपिंडाची जी शक्ति आधीं जाते ती बहुधा पाणी परत ओढून घेण्याची. तेव्हां अडथळा असलेलें मूल लघवी थोडी करीत नाहीं. उलट पुष्कळ करितें, आणि ती पाण्यासारखी पांढरी असते. आई म्हणते, "माझा पोरगा तर दिवसांतून दहा वेळां जातो, मग अडलें कोठें?" अडलेलें असतें, पण पाट पुरता बंद नसतो, मागचा दाब आपलें काम करीतच राहतो. असें मूल सदा तान्हेलें असतें, रात्रीं उठून पाणी मागतें, अंथरूण भिजवितें. मग घरांतील मोठीं माणसें त्याचें पाणी तोडतात, कित्येकदां मारतातही. ह्यापरता अन्याय दुसरा नाहीं. ज्या देहांत पाणी टिकत नाहीं त्याचें पाणी बंद केलें, आणि त्यांत उन्हाळ्यांत जुलाब लागले, तर तें मूल एका दिवसांत सुकून जातें. कारण कळेपर्यंत पाणी कधींही तोडूं नये.

मग ओळखावें कशावरून? आपल्याकडे तान्ह्या बाळास पायांवर घेऊन न्हाऊं घालणारी आजी किंवा सुईण हीच ह्या रोगाची पहिली परीक्षक होय. मुलग्याची धार न्हातांना चांगली उंच उडते, हें तिनें शेंकडों वेळां पाहिलेलें असतें. धार न उडतां थेंब थेंब गळत असेल, बाळ लघवीच्या वेळीं कुंथत व लाल होत असेल, ओटीपोटांत लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा घट्ट गोळा हातास लागत असेल, तर तिनें त्याच दिवशीं बोलून दाखवावें. जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत बहुतेक बाळें लघवी करितात. दुसरा दिवस संपूनही झाली नाहीं तर दवाखाना गांठावा. मोठ्या मुलांत धार बारीक व तुटक असणें, दिवसाही चड्डी ओली राहणें, वय वाढूनही अंग न धरणें, चेहरा फिका पडणें, भूक मरणें, पाय वाकणें, हीं चिन्हें पाहावीं. परंतु जें पांच-सहा वर्षांचें मूल एरवीं निरोगी असून केवळ रात्रीं अंथरूण भिजवितें, त्यास बहुधा रोग नसतो. त्याच्या आईनें हा लेख वाचून घाबरूं नये. तसेंच तान्ह्या मुलाची पुढची कातडी मागें सरत नाहीं हें स्वाभाविक आहे. ती बळानें मागें ओढूं नये.

तापाविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे. सांचलेल्या डबक्यांत जसे किडे होतात तसें सांचलेल्या लघवींत रोगजंतु माजतात. ते मूत्रपिंडांत शिरले म्हणजे हुडहुडी भरून ताप येतो, मूल ओकतें, लघवीस घाण येते. दाबानें जें नुकसान महिन्यांत व्हावयाचें तें अशा तापानें थोड्या दिवसांत होतें. आपल्याकडे ह्यास उन्हाळी लागली असें म्हणून धण्याचें किंवा सब्जाचें पाणी देतात. मोठ्या माणसास उन्हामुळें जळजळ झाली असतां तें देण्यास हरकत नाहीं. पण दोन वर्षांच्या आंतील मुलास खोकला, सर्दी, जुलाब कांहीं नसतां ताप येत असेल, तर त्याची लघवी तपासल्यावांचून राहूं नये. आणि मुलग्यास एकदांही असा मूत्रपिंडाचा ताप येऊन गेला असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. ताप औषधानें उतरला म्हणजे कारणही गेलें, असें समजूं नये.

अडथळ्याचे दुसरेही प्रकार आहेत. मूत्रपिंडाचें नरसाळें व मूत्रवाहिनी जेथें मिळतात तेथें वाट अरुंद असणें हा त्यांतील वारंवार आढळणारा. हा बहुधा एकाच बाजूस, व डावीकडे अधिक, असतो. दुसरें मूत्रपिंड सर्व काम ओढीत असल्यामुळें कांहींच कळत नाहीं, आणि कित्येकदां मुलास पुष्कळ पाणी प्याल्यावर कुशींत कळ येते इतकेंच. सोनोग्राफींत सूज दिसली म्हणजे लगेच कापावें लागतें असें नाहीं. पुष्कळ मुलांची थोडी सूज वाढत्या वयाबरोबर आपोआप जाते, आणि डॉक्टर केवळ नजर ठेवतात. ज्यांची वाढत जाते त्यांचा अरुंद भाग काढून वाट नव्यानें जोडतात. ही रीत इंग्लंडांतील शेफील्ड येथील अँडरसन व हाइन्स यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केली, व ती अद्यापि उत्तम मानिली जाते.

मुतखड्याची कथा आमच्या देशांत फार जुनी आहे. सुश्रुतानें आपल्या ग्रंथांत मूत्राशयांतील खडा विशेषेंकरून बालकांस होतो असें लिहिलें आहे, आणि तो कापून काढण्याची रीतही दिली आहे. हा लहान मुलांच्या मूत्राशयांतील खडा मुख्यत्वें दरिद्र्यांच्या घरचा रोग होता. कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं उंदरांस निकस, धान्यप्रधान अन्नावर ठेवून त्यांच्यांत खडे उत्पन्न करून दाखविले, व दुधासारखें सत्त्वयुक्त अन्न मिळालें म्हणजे ते टळतात असें सिद्ध केलें. नुसत्या भाकरीच्या किंवा भाताच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलास थोडें दूध, अंडें, डाळ मिळाली तर हा रोग दूर राहतो. पोषण सुधारल्यापासून तो पुष्कळ कमी झाला आहे. ज्यास होतो त्याची धार मध्येंच एकदम थांबते, अंग हलविल्यावर पुन्हां सुरू होते, आणि मूल रडत लघवीची जागा हातानें ओढीत राहतें.

ज्या बाळाच्या पाठीवर कण्याशीं जन्मतः गांठ किंवा उघडी जखम असते त्याच्या मूत्राशयाच्या शिराही बिघडलेल्या असतात. वाटेंत पडदा नाहीं, खडा नाहीं, तरी मूत्राशय रिता होत नाहीं व मूत्रपिंडांवर तोच दाब येतो. अशा मुलांसाठीं अमेरिकेंतील मिशिगन येथील जॅक लॅपिडीस यांनीं १९७२ सालीं एक साधी युक्ति प्रसिद्ध केली: आईनें साबणानें हात स्वच्छ धुवून दिवसांतून चार-पांच वेळां बारीक नळीनें मूत्राशय रिता करावा. शस्त्रक्रियेच्या खोलींतील निर्जंतुकपणा लागत नाहीं, नुसती स्वच्छता पुरते. ह्या युक्तीनें असंख्य मूत्रपिंडें वांचलीं आहेत. अक्षरओळख नसलेली आईही ती शिकते. परंतु ती रुग्णालयांतच शिकावी; गांवांत कोणीही नळी हातीं घेऊं नये.

पडद्याच्या रोगांत रुग्णालयांत काय करितात हें आईबापांस आधीं ठाऊक असलें म्हणजे भय उणें होतें. प्रथम बारीक मऊ नळी घालून तुंबलेली लघवी उतरवितात, जंतूंवर औषध देतात, व रक्तांतील क्षार आणि क्रिएटिनीन नांवाचा मळ मोजतात. सोनोग्राफींत कापणें किंवा दुखणें कांहीं नाहीं. मग नळीवाटे मूत्राशयांत औषध भरून क्ष-किरणांनीं चित्र घेतात, त्यांत पडदा दिसतो. मूल स्थिर झाल्यावर त्यास भूल देऊन मूत्रमार्गांतून दुर्बीण घालतात व पडदा आंतूनच छेदतात. पोटावर चीर पडत नाहीं. वाट मोकळी होतांच कित्येक मुलांस लघवीचा लोंढा सुटतो, आणि त्याबरोबर मीठ व पाणी वाहून जातें. त्या दिवसांत शिरेवाटे पाणी देऊन सांभाळावें लागतें. म्हणून नळी घालतांच पोट उतरलें, मूल हंसूं लागलें, असें पाहून तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांच्या मर्जीविरुद्ध घरीं नेणें ह्यासारखी घातक घाई नाहीं. जातांना शिधापत्रिका व आधारपत्र सोबत न्यावें, आणि सरकारी योजनेंतून काय साहाय्य मिळेल हें तेथील आरोग्यमित्रास विचारावें. कोठें जावें हेंच कळत नसेल तर गांवची आशाताई किंवा अंगणवाडींत तपासणीस येणारें सरकारी पथक वाट दाखवील.

पोट फुगलेल्या बाळास तापल्या विळ्यानें किंवा बिब्ब्यानें डागण्याची चाल अद्यापि कोठें कोठें आहे, व ख्रिस्ती घरेंही तिच्यापासून सर्वस्वी मुक्त नाहींत. डागानें पडदा जळत नाहीं. लेंकराचें कातडें मात्र जळतें. भगताच्या अंगाऱ्याविषयीं उपदेशकांनीं पुष्कळ बोलून झालें आहे. आम्हांस उलट बाजूचें बोलावयाचें आहे. कांहीं भाविक कुटुंबें असें समजतात कीं प्रार्थना केली म्हणजे दवाखान्यांत जाणें हा अविश्वास होय. हिज्कीया राजा मरणाच्या पंथास लागून रडून प्रार्थना करूं लागला, आणि देवानें ती ऐकिली. तरी यशया संदेष्ट्यानें अंजिरांची ढेप आणवून गळवावर बांधविलीच. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायांत हें आहे, आणि उपदेशकांनीं तें आजाऱ्याच्या घरीं वाचावें. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उभारिलें तें प्रार्थनेवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचें पुढें काय, हें बहुतेक घरांत विसरलें जातें. एका वर्षाच्या वयास त्याचें क्रिएटिनीन १ मिलिग्रॅमहून खालीं आलें असेल तर पुढची आशा चांगली. वर राहिलें तर धोका अधिक. पडदा काढूनही सुमारें तीन-चार मुलांत एकाचीं मूत्रपिंडें तरुणपणापर्यंत निकामी होतात. अशांस रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राचा आश्रय घ्यावा लागतो, किंवा दुसऱ्याचें मूत्रपिंड बसवावें लागतें. तें काम आपल्या देशांत १९७१ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय विद्यालयांत यशस्वी झालें, आणि आतां पुष्कळ ठिकाणीं होतें. कित्येक आया आपलें एक मूत्रपिंड लेंकरास देतात. पण हें संकट लांबविणें पुष्कळ अंशीं शक्य आहे. रक्तदाब वाढला असेल तर औषध नियमानें द्यावें. अंगदुखीच्या गोळ्या दुकानांतून आणून देऊं नयेत, व धातूचीं भस्में तर मुळींच देऊं नयेत. दर दोन-तीन तासांनीं, इच्छा नसली तरी, मुलास लघवीस पाठवावें, आणि शाळेंतील शिक्षकांस तसें सांगून ठेवावें; नाहींतर पोर लाजेनें दिवसभर दाबून बसतें.

सर्वांत कठीण वय १३ ते १८ चें. मुलगा खेळतो, सायकल हांकतो, त्यास कांहीं दुखत नाहीं. म्हणून तपासणी सुटते, आणि मूत्रपिंड तर शेवटपर्यंत बोलत नाहीं. उपदेशकांनीं आपल्या मंडळींत लहानपणीं असें दुखणें झालेला कोणी मुलगा असेल तर त्याचें नांव वहींत टिपून ठेवावें, व प्रभुभोजनाच्या तयारीच्या वर्गांत तो येऊं लागला म्हणजे मागची तपासणी कधीं झाली हें त्यास एकांतांत विचारावें. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब मोजणें व लघवी तपासणें ह्यांस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. रक्ताच्या तपासणीसाठीं तालुक्यास जावें लागलें तर बाजाराचा दिवस साधावा.